लिफ्ट केलेल्या गाडीचे टायर आणि ऑफसेट: आधी मोजा, मग मागवा

जिम्नी, थार, जुनी जिप्सी किंवा बोलेरो दोन इंच उचलली की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चांगला हातभर वाटावा एवढा पोकळपणा दिसतो. नवखा माणूस तो पोकळपणा बघून टायरचा साईज ठरवतो आणि तिथेच फसतो. ती जागा गाडी सपाट अंगणात उभी असतानाची आहे. आंबोलीच्या वळणावर भार आलेल्या बाजूचं चाक खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर आपटलं, स्प्रिंग पूर्ण दबली, की चाक बंप स्टॉपला, म्हणजे वरची चाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर जातं. लिफ्ट करताना बंप स्टॉपला सहसा कुणी हात लावलेला नसतो. म्हणजे पूर्ण दबल्यावर चाक तिथेच पोचतं, जिथे ते कंपनीतून गाडी आली तेव्हा पोचायचं. लिफ्टचे दोन इंच त्या क्षणी शिल्लकच नसतात.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी टायरचा व्यास, मग रिमची रुंदी, मग ऑफसेट (म्हणजे चाक हबवर किती आत-बाहेर बसतं तो आकडा), आणि सगळ्यात शेवटी लिफ्ट किती लागते ते. बहुतेक जण नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. किट आधी बसतं, मग टायर बारीक दिसतात म्हणून मोठे टायर, मग ते घासतात म्हणून स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती.

कायद्याचं एकदा ऐकून घ्या

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही पहिलं बोट इथेच ठेवते. एमएच-०७ असो की एमएच-०८, आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा. सगळ्यात निर्धास्त वाट म्हणजे आपल्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनी जो साईज देते तो घेणं. थारला कंपनीकडूनच २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८ असे दोन साईज आले आहेत. अठरा इंची रिम असलेल्याला उंच बगलेचा टायर हवा असेल, तर सोळा इंचीवर येणं हा सरळ मार्ग आहे. व्यासात फरक जेमतेम १५ मि.मी.

टायरवरचे आकडे

२३५/७५ आर१५ याचा अर्थ: टायर २३५ मि.मी. रुंद, बगलेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंच. पूर्ण व्यास काढायचा तर रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात बगलेची उंची दोनदा मिळवा. बगल खाली एक आणि वर एक अशी दोनदा येते, हे विसरल्याने गणित चुकतं.

पुढचा सगळा हिशेब जिम्नीवर करू, कारण तिचे आकडे पक्के आहेत: कंपनीचा टायर १९५/८० आर१५, रिम साडेपाच जे (म्हणजे साडेपाच इंच रुंद), ऑफसेट +५, नटांचं वर्तुळ ५ × १३९.७ (पाच नट, वर्तुळाचा व्यास १३९.७ मि.मी.). इतर गाडीला तुमचे आकडे घाला.

१९५/८० आर१५: ३८१ + १५६ + १५६ = ६९३ मि.मी.
२१५/७५ आर१५: ७०३.५ मि.मी.
२३५/७५ आर१५: ७३३.५ मि.मी.

मधला साईज त्रिज्येत फक्त ५ मि.मी. वाढतो आणि रुंदीत दोन्ही बाजूंना दहा-दहा. तो कंपनीच्याच साडेपाच जे रिमवर बसतो, लिफ्टची गरज नाही. आमचं स्पष्ट मत: बागेत जाणं, वाडीतली कच्ची पायवाट, महिन्यातून दोनदा घाट, एवढंच काम असेल तर इथेच थांबा.

२३५ वर गेलात की त्रिज्या २० मि.मी. वाढते. डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, जमिनीपासून तेवढाच वर येतो. जिम्नीसारख्या अखंड ॲक्सलच्या गाडीत हे काम लिफ्ट किट कधीच करत नाही. सस्पेन्शन लिफ्टने बॉडी आणि चेसिस वर जातात, ॲक्सल होता तिथेच राहतो. पाखाडीच्या कडेचा दगड डिफला लागत असेल तर त्यावर उपाय फक्त टायर आहे.

पण याची किंमतही मोजून घ्या. व्यास ५.८ टक्के वाढला म्हणजे काटा ८० दाखवेल तेव्हा आधीच्या मानाने गाडी जवळजवळ ८५ ने पळत असेल. किलोमीटर उलट कमी मोजले जातात: १०० किलोमीटर गेलात तर ९४.५ च दिसतील. त्यामुळे टायर बदलल्याबरोबर मायलेज पडलं म्हणून जी ओरड होते, त्यातला काही भाग नुसता कागदावरचा असतो. खरा फरक गिअरमध्ये जाणवतो. प्रत्येक गिअर थोडा लांब होतो. फोंडाघाटात किंवा करूळला जिथे भरल्या गाडीत तिसरा चालायचा तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि चढावर गाडी उचलताना क्लच जास्त घासतो. ब्रेकलाही त्याच डिस्कवर मोठं आणि जड चाक थांबवायचं असतं. उतारावर गिअरमध्ये उतरायची सवय नसेल तर आधी ती लावून घ्या.

लोड इंडेक्स बघायला विसरू नका. साईजच्या पुढे लिहिलेला ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. कंपनीच्या आकड्यापेक्षा खाली जायचं नाही. ट्रकसारख्या जाड बांधणीचा टायर घेतलात तर त्याच वजनाला हवा जास्त लागते. म्हणून दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा त्याला तसाच लावता येत नाही.

रिमची रुंदी आधी, दिसणं नंतर

२१५/७५ आर१५ ला ५.५ ते ७ जे रिम चालते, २३५/७५ आर१५ ला ६ ते ८ जे, २४५/७५ आर१६ ला साडेसहा ते ८ जे. म्हणजे जिम्नीच्या मूळ रिमवर २३५ चढवणं चुकीचं. टायरवाला चढवून देईल, हवाही भरेल, पण बगल फुगीर होते, पृष्ठभाग मध्ये उंच राहतो आणि वळणावर गाडी डुलते. हवा कमी केलीत तर टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो.

रिमचा इंच मात्र वाढवू नका. आपल्याकडे डांबराच्या कडेला साइडपट्टी खचून जांभ्याची धार उघडी पडलेली असते. अठरा-वीस इंची रिमवरची बारीक बगल तिथे कापली जाते, आणि बगलेचा काप पंक्चरवाल्याच्या हातातला राहत नाही.

ऑफसेट

रिमच्या रुंदीची बरोबर मध्यरेषा घ्या. हबला टेकणारा पृष्ठभाग त्या रेषेपासून किती मिलिमीटरवर आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. रिमच्या पाठीमागे ईटी म्हणून कोरलेला असतो. तो पृष्ठभाग रेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर अधिक, आतल्या बाजूला असेल तर उणे. व्यवहारात एवढंच लक्षात ठेवा: आकडा जितका कमी, चाक तितकं बाहेर.

कोरलेलं पुसलं असेल तर रिम टायरशिवाय पालथी घाला, म्हणजे पाठ वर. मागच्या दोन कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजा. त्यातून रिमच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा केला की ऑफसेट. एकूण रुंदी कडेपासून कडेपर्यंत मोजा. ती जे आकड्यापेक्षा साधारण एक इंच जास्त भरते. साडेपाच जे रिम १६५ मि.मी. भरली आणि खोली ८७.५ आली, तर ८७.५ वजा ८२.५, म्हणजे +५.

आता खरा हिशेब. रिमची कड कुठे जाते ते रुंदी आणि ऑफसेट मिळून ठरवतात. समजा ७ जे ईटी +४० काढून ८ जे ईटी +२० लावली. रुंदीचा अर्धा इंच, म्हणजे १२.७, दोन्हीकडे वाढतो; ऑफसेटचे २० बाहेर जातात. बाहेरची कड ३२.७ मि.मी. बाहेर, आतली कड ७.३ मि.मी. सस्पेन्शनपासून लांब. पण घासतो तो टायर, रिम नव्हे. टायरचा हिशेब असा: टायरच्या रुंदीतल्या वाढीचा अर्धा भाग, आणि त्यात ऑफसेटचा फरक. जिम्नीला २३५ टायर ६ जे ईटी ० रिमवर लावला तर रुंदी दोन्हीकडे २०-२० वाढते, मध्यरेषा ५ मि.मी. बाहेर सरकते. बाहेरची बगल २५ मि.मी. बाहेर, आतली १५ मि.मी. आत. ही आतली १५ मि.मी. रेडियस आर्मला (ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याला) पूर्ण स्टेअरिंगवर लागतात की नाही, हा प्रश्न दुकानात नव्हे, गाडीखाली आडवं होऊन सुटतो.

मग उणे वीसच घ्या, आतली कटकट नको, असं सुचतं. त्याची भरपाई तीन ठिकाणी होते. चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर ओढ वाढते. चाक किंगपिनच्या, म्हणजे ज्या आसाभोवती ते वळतं त्याच्या, रेषेपासून लांब गेल्याने खड्ड्यात एक चाक आपटलं की स्टेअरिंग हाताला हिसका देतं. आणि वळताना टायर मोठ्या वर्तुळातून फिरतो, त्यामुळे आत वाचलेली जागा बंपरच्या कोपऱ्यात आणि मडगार्डच्या मागच्या काठाला परत द्यावी लागते. रोजच्या गाडीला मध्यरेषा १० ते १५ मि.मी. पेक्षा जास्त सरकवू नये असं आम्ही मानतो. दोन गडग्यांमधून जाणाऱ्या वाडीच्या रस्त्यावर बाहेर आलेला टायर चिऱ्याला घासतो, आणि जूनपासून मडगार्डबाहेरच्या टायरचा सगळा लाल चिखल दरवाज्यांच्या हँडलपर्यंत उडतो.

स्पेसरचा हिशेब सोपा आहे: २५ मि.मी. स्पेसर म्हणजे ऑफसेट २५ ने कमी. आम्ही तो सुचवत नाही. नट दुप्पट, आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम लोखंडी हबला असं धरतं की एका वर्षाने हातोड्याशिवाय निघत नाही.

ओळंबा, खडू आणि फळ्या

मोजायला महागडं काही लागत नाही. टेप, सरळ पट्टी, खडू, पुठ्ठा, आणि गवंड्याकडचा ओळंबा.

गाडी सपाट जागी, स्टेअरिंग सरळ, हवा योग्य. मडगार्डच्या कमानीच्या सर्वात बाहेरच्या कडेवरून, चाकाच्या बरोबर मध्यावर ओळंबा सोडा. दोरीपासून टायरच्या बगलेपर्यंतचं अंतर लिहा. चारही चाकांना मोजा, एकावरून दुसरं गृहीत धरू नका. पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग असलेल्या जिम्नीसारख्या गाडीत ॲक्सलला आडवं धरणारा पॅनहार्ड रॉड असतो. गाडी उचलली की हा रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी पोच कमी होते आणि ॲक्सल रॉडच्या चेसिसकडच्या टोकाच्या दिशेला ओढला जातो. डावीकडे दोरीपासून १२ मि.मी. आणि उजवीकडे २२ असं निघालं तर दोष रिमचा नाही. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड लावा, ॲक्सल मध्ये आणा, मग ऑफसेट ठरवा.

नंतर स्टेअरिंग एका टोकाला पूर्ण वळवा. चार जागा बघा: पुढे बंपरचा कोपरा आणि मडगार्डच्या आतला प्लॅस्टिक लायनर, मागे मडफ्लॅपचा ब्रॅकेट आणि पायाजवळच्या पत्र्याची शिवण, आत चेसिस आणि आर्म, वर लायनरचं छत. प्रत्येक ठिकाणी आत्ताच्या टायरपासूनचं अंतर मोजा आणि नव्या टायरची वाढ त्यातून वजा करा. उरलेलं १० मि.मी. पेक्षा कमी असेल तर तिथे घासणारच असं समजा. खाचदार मड टायरचे खांद्यावरचे ठोकळे कागदावरच्या रुंदीबाहेर येतात, तेही धरा.

मग दबलेली अवस्था. गॅरेजात स्प्रिंग काढून ॲक्सल बंप स्टॉपला टेकेपर्यंत जॅकने वर घेतात. हाच खरा मार्ग. घरी करायचं तर पुढचं एक चाक आणि तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक जाड फळ्यांच्या थरावर हळूच चढवा. गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू नये, आणि बाकीच्या चाकांना ओंडका. फळ्यांच्या जागी अंगणातले चिरे रचायचा मोह होईल, करू नका. जांभा कडेला भुगा होतो, आणि भाराखाली कधी फुटेल ते कळत नाही. गाडीखाली जायचं तर फक्त जॅक स्टँड.

पूर्ण दबल्यावर टायर छताला लागत असेल तर उपाय बंप स्टॉप खाली आणण्याचा आहे. त्रिज्या २० मि.मी. वाढली असेल तर २५ च्या आसपासचा ठोकळा लागतो, कारण बंप स्टॉप चाकाच्या आतल्या बाजूला असतो आणि एकच चाक वर गेलं की चाक स्टॉपपेक्षा जास्त वर जातं. यासाठी सस्पेन्शनची वरची चाल थोडी सोडावी लागते, आणि ती चाल परत द्यायला लिफ्ट उपयोगी पडते. लिफ्टचं टायरशी नातं ते हे. बॉडी लिफ्टचा मामला वेगळा: तिथे बॉडी चेसिसवरून उचलली जाते, म्हणून मडगार्डची जागा खरोखर वाढते, पण बंपर, स्टेअरिंगचा दांडा, इंधनाची नळी यांची ओढाताण सुरू होते.

थारसारख्या पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत उंची वाढली की ड्राइव्ह शाफ्टचा कोन तिरका होतो आणि त्याचे रबरी बूट लवकर फाटतात. चिखलाच्या मुलखात फाटका बूट म्हणजे काही दिवसांत कडकड वाजणारा जॉइंट. पुढून दीड-दोन इंचांपेक्षा जास्त उचलू नका. अखंड ॲक्सलवाल्या गाडीत लिफ्टने कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल, कमी होतो, हायवेला स्टेअरिंग भरकटतं. कॅस्टर सुधारणारे बुश त्याच वेळी घाला.

रिम घेताना

नटांचं वर्तुळ अचूक जुळलं पाहिजे. मधलं छिद्रही: जिम्नीचा हब १०८ मि.मी. चा आहे, त्याहून लहान छिद्राची रिम बसणारच नाही, मोठ्या छिद्राला रिंग लागते. नटाची बैठक शंकूसारखी की गोल, हे रिमप्रमाणे घ्या. जुने नट नव्या रिमला चालतातच असं नाही. नट हाताने फिरवून आटे मोजा. सुझुकीचा स्टड १२ मि.मी. चा, आटा १.२५ चा, किमान नऊ-दहा फेरे पकडले पाहिजेत.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. हबच्या मधल्या गोल कडेवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, स्टडच्या आट्यांना मात्र नको, नाहीतर टॉर्कचा पान्हा खोटं सांगतो. नट ताऱ्याच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मग अलाइनमेंट.

हवा खडूने ठरवा. टायरच्या पृष्ठभागावर आडवी खडूची पट्टी ओढा, सरळ डांबरावर पन्नासेक मीटर जा. मधला खडू आधी पुसला गेला तर हवा जास्त, कडेचा पुसला गेला तर कमी. एकसारखा पुसला जाईपर्यंत दोन-दोन पीएसआयने बदला. खडूचा दुसरा उपयोग घासण्याचा: टायरच्या खांद्यांना खडू फासून वाडीच्या रस्त्याने एक फेरी मारा, मग लायनरवर पांढरे डाग शोधा.

नक्षी निवडताना ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींना चालणारी, घ्या. मड टायर लाल चिखलात भारी असतो, पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी आणि हायवेला आवाज जास्त. वर्षाचे आठ महिने तुम्ही डांबरावर असता. आणि किनाऱ्यावर गाडी घालण्यासाठी टायर घेत असाल तर तो बेत सोडा. ओल्या वाळूत भरतीच्या वेळी रुतलेल्या गाडीला कुठलाच ऑफसेट बाहेर काढत नाही, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची घरटी असतात.

पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, त्याच साईजची घ्या. फोर व्हील ड्राइव्ह टाकून वेगळ्या व्यासाच्या चाकांनी डांबरावर गेलात तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो. मागच्या दरवाज्यावर स्टेपनी लटकत असेल तर बिजागऱ्या दर महिन्याला बघा. जड चाकाने दरवाजा खाली उतरतो आणि कुलूप नीट लागेनासं होतं. शेवटी, कंपनीचा जॅक नव्या उंचीला पुरतो का ते पावसाआधी अंगणात एकदा चाक काढून पाहा. तो चेसिसखाली लावायचा असेल तर बहुधा पुरत नाही. सोबत एक फूट लांबीची जाड फळी ठेवा, तीच मऊ मातीत जॅक रुतू देत नाही.